दत्त म्हणून उभा : पडद्यावरच्या अवचित पाहुण्यांची गोष्ट

ट्रॉम्बेच्या खाडीलगतच्या वस्तीतील एका शाळेत आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जातो. सोबत भिंगे, चुंबक, बॅटरीचे सेल अशा वस्तूंची पिशवी असते. मुले हवे ते प्रयोग करतात, आम्ही मदत करतो. अशाच एका शनिवारी पाचवीतली एक मुलगी मोठ्या भावाच्या मोबाइलवर खेळ खेळत होती. रस्ता मोकळा होता, तिचा वीर धावत होता आणि एकदम एक राक्षस समोर दत्त म्हणून उभा राहिला. खेळ संपला. मुलीने मान वर करून विचारले, ''सर, हा आत्ता आला. पण त्याच्याआधी तो कुठे होता?''

आमचे लक्ष चुंबकाच्या प्रयोगाकडे होते. ''अगं, तो प्रोग्राममध्येच असतो,'' असे सांगून आम्ही मोकळे झालो. तिने मोबाइल बंद केला आणि निमूटपणे चुंबकाला टाचण्या लावू लागली. घरी परतताना लक्षात आले की आपण उत्तर दिलेच नाही. 'प्रोग्राममध्ये असतो' हे 'देवाची करणी' म्हणण्यासारखेच झाले. शब्द तेवढा नवा. पुढच्या महिन्यात नीट उत्तर घेऊन गेलो, तेव्हा तिच्या घरच्यांनी बिऱ्हाड दुसरीकडे हलवले होते. ते उत्तर आमच्याकडेच राहिले. ते शोधताना आम्ही सव्वाशे वर्षे मागे गेलो, आणि त्यातला मोठा भाग आपल्या अवतीभवतीच घडलेला निघाला. म्हणून तो आपल्यासारख्या शिक्षकमित्रांना सांगावासा वाटतो.

कल्याणचा कंदील

अचानक प्रकट होणारी पात्रे आपल्याला नवी नाहीत. पुराणकथांत देव प्रकट होतात आणि अंतर्धान पावतात. कीर्तनकाराला ते शब्दांत सांगता येते. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ते दाखवायचे कसे? रंगमंचावर नट विंगेतून चालत येतो, कळसूत्री बाहुली वरून किंवा बाजूने येते. ती कोठून आली ते दिसतेच.

१८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने एक खेळ सुरू केला. शंबरासुर हा मायावी, म्हणून मायेचे ते शांबरिक; आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांच्यामागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. युरोपातल्या 'मॅजिक लँटर्न'चाच हा मराठी अवतार होता. पौराणिक कथा आणि सर्कशीतली दृश्ये त्यात दाखवली जात.

अशा खेळांत एकाहून अधिक दिवे वापरले की एक सोय होते. पहिल्या दिव्याचा उजेड हळूहळू कमी करायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा. दोन्ही चित्रांत झाड, नदी, डोंगर तेच असतील आणि दुसऱ्यात फक्त एक माणूस जास्त असेल, तर तो माणूस हवेतून उमटल्यासारखा दिसतो. मग आधी तो कुठे होता? शेजारच्या दिव्यात, दुसऱ्या काचेवर. अंधार असल्यामुळे तो आपल्याला दिसत नव्हता, एवढेच.

थांबलेला कॅमेरा

१८९५ च्या सुमारास चलच्चित्रे आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. चलच्चित्र म्हणजे स्थिर छायाचित्रांची लांब माळ. प्रत्येक छायाचित्राला फ्रेम म्हणतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम्स, आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा फ्रेम्स असा साधारण हिशेब होता.

आता विचार करा. हँडल फिरवणाऱ्याने मध्येच हात थांबवला, रिकाम्या जागी एक माणूस आणून उभा केला आणि पुन्हा हँडल फिरवायला सुरुवात केली, तर काय होईल? फिल्मवर रिकाम्या जागेची शेवटची फ्रेम आणि माणसाची पहिली फ्रेम एकमेकींना चिकटून येतील. मधली पाच मिनिटे फिल्मवर उमटणारच नाहीत. पाहणाऱ्याला माणूस एका क्षणात प्रकट झालेला दिसेल.

१८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीने मेरी राणीच्या शिरच्छेदाचे दृश्य याच रीतीने चित्रित केले होते. कॅमेरा थांबवून नटाच्या जागी पुतळा ठेवला होता. पॅरिसचे जादूगार जॉर्ज मेलिएस यांची हकीकत अधिक गमतीची आहे. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, रस्त्यावरचे दृश्य घेताना त्यांचा कॅमेरा अडकला. तो दुरुस्त करून त्यांनी चित्रीकरण पुढे चालू केले. फिल्म पडद्यावर पाहिली तर प्रवासी गाडीची एकाएकी शववाहिका झालेली! १८९६ पासून मेलिएस यांनी या युक्तीवर कितीतरी चित्रपट उभे केले.

प्रोफेसर केळफा

फाळके हे नाव उलटे वाचा. केळफा! धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले होते आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादू करून दाखवीत. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात झाले. छायाचित्रण, छपाई, ठसे तयार करणे, सारे त्यांनी हाताने केलेले होते. मेलिएसप्रमाणेच चित्रकला, यंत्र आणि जादू या तिन्हींचा हा संगम होता.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्याकडचे राम-कृष्ण असेच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१२ च्या सुरुवातीला लंडनला जाऊन त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. परत आल्यावर भांडवल हवे होते, पण विश्वास कोण ठेवणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून कोंब आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून भांडवल मिळाले.

येथे वर्गात करण्यासारखे एक छोटे गणित आहे. रोज एकच फ्रेम घेतली तर तीस दिवसांत तीस फ्रेम्स होतील. सेकंदाला सोळा या वेगाने त्या दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या फिल्मला ९६० फ्रेम्स हव्यात, म्हणजे दिवसाला ३२. कॅमेऱ्यापाशी किती वेळा जावे लागले असेल आणि किती चिकाटी लागली असेल, ते मुलांना या भागाकारातून कळेल.

मेलिएस यांनी थांबलेल्या कॅमेऱ्यातून चमत्कार दाखवला, आणि फाळक्यांनी त्याच युक्तीने झाडाची वाढ दाखवली. युक्ती तीच, पण तिच्या साहाय्याने डोळ्यांना न दिसणारे सत्य दिसू लागले. फाळक्यांच्या या मिनिटभराच्या फिल्मला आम्ही आपल्याकडची आरंभीची विज्ञानफिल्म मानतो.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. त्याच्या शेवटी हरिश्चंद्राची परीक्षा पूर्ण होते आणि भगवान शंकर प्रकट होतात. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये भेदरलेल्या कंसाला जिकडेतिकडे कृष्णच दिसू लागतात, त्याचे स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि परत येऊन बसते. यासाठी कॅमेरा थांबवणे पुरत नाही. एकच फिल्म मागे फिरवून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्र घ्यावे लागते. किती फेरे पुढे आणि किती मागे, याचा हिशेब चुकला तर सारे रीळ वाया! १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली. तीत काड्यापेटीतल्या काड्या आपणहून हलून आकृत्या तयार करीत. प्रत्येक फ्रेमला काड्या बोटांनी किंचित सरकवायच्या आणि हात बाजूला घ्यायचा. आपल्या देशातील सचेतपटाची सुरुवात या काड्यांपासून मानतात. ही फिल्म आज उपलब्ध नाही.

फ्रेम घेताना बाजूला घेतलेला तो हात महत्त्वाचा आहे. पडद्यावर जे अचानक येते त्याच्यामागे नेहमी असा एखादा न दिसणारा हात असतो. फाळक्यांच्या घरात तो पुष्कळदा सरस्वतीबाईंचा होता. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. ते त्यांनी शिकून घेतले. रसायने मिसळणे, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हेही त्याच करीत. भांडवलासाठी त्यांनी दागिनेही दिले. शंकर प्रकट झाले ते सरस्वतीबाईंनी पाडलेल्या छिद्रांवरून फिल्म नेमकी सरकली म्हणून. एका छिद्राचे अंतर चुकले असते तर देव पडद्यावर थरथरला असता.

आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. फाळक्यांनी आपले गुपित दडवले नाही. १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक फिल्मच त्यांनी काढली. तीत ते स्वतः दिग्दर्शन करताना आणि फिल्म तपासताना दिसतात. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवले आहेत. ही आमची मुलगी, आता हिला कृष्ण म्हणून पाहा, असा तो रोखठोक व्यवहार. म्हणून कृष्ण पाहणाऱ्यांची गोडी कमी झाली असे काही घडले नाही.

धूर कशासाठी?

नाटकात, सिनेमात, चित्रकथेत कोणी प्रकट झाले की बहुधा धूर निघतो. हा धूर काय करतो? एखादी वस्तू एकदम दिसू लागली की आपली नजर तिच्याकडे आपोआप ओढली जाते. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांनी नीट दाखवून दिले. झाडीतून वाघ निघाला तर तो आधी दिसलाच पाहिजे, अशी डोळ्यांची आणि मेंदूची घडण आहे. पण याची दुसरी बाजू १९९७ साली रोनाल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. जवळजवळ सारखी दोन चित्रे आलटूनपालटून दाखवायची आणि मध्ये क्षणभर कोरा पडदा ठेवायचा. मग चित्रातला मोठा फरकसुद्धा लोकांना कितीतरी वेळ सापडत नाही. कोऱ्या क्षणामुळे सगळेच बदलल्यासारखे होते आणि नेमका बदल कुठे झाला याची खूण पुसली जाते.

धूर म्हणजे तो कोरा क्षण. कॅमेरा थांबला होता तेव्हा झाडाचे पान हलले, सावली सरकली, दुसऱ्या नटाचा हात बोटभर खाली आला, या सगळ्या चुका धूर पोटात घालतो. शिवाय 'काहीतरी घडते आहे' अशी पूर्वसूचनाही देतो.

पारदर्शक कागदावरची माणसे

कार्टूनपटात तर कॅमेऱ्यासमोर माणूसच नसतो. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत एक सोयीची पद्धत निघाली. देखावा एका कागदावर काढायचा आणि पात्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर. या पत्र्याला पुढे नुसते 'सेल' म्हणू लागले. देखाव्यावर सेल ठेवला की पात्र आले, उचलला की गेले. पात्र आणणे इतके सोपे झाले की अडचण उलटी झाली. नुसता सेल ठेवून आणलेले पात्र चूक झाल्यासारखे दिसे. म्हणून चित्रकार आधी दोन-चार फ्रेम्स धुराचा लोट काढत, पात्र किंचित दबलेले दाखवत, मग ताठ उभे करत. सेकंदाला चोवीस फ्रेम्स असतात. त्यातल्या चार म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तेवढ्याने डोळ्यांचे समाधान होते.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० च्या दशकात 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला होता. पण शिस्तशीर काम सुरू झाले ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९५६ साली, म्हणजे आमच्या ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली त्याच वर्षी, तेथे कार्टून विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे तरुणांना शिकवले. १९५७ चा 'द बनियन डियर' हे त्याचे फळ. पुढे भारतीय सचेतपटाचे आधारस्तंभ ठरलेले राम मोहन याच विभागात तयार झाले. आमच्या पिढीने दूरदर्शनवर वारंवार पाहिलेला 'एक अनेक और एकता' १९७४ चा. विजया मुळे यांनी तो शिक्षणासाठीच केला. 'एक' म्हणजे काय आणि 'अनेक' म्हणजे काय हे मुलांना सांगताना गोष्टी पडद्यावर एकामागून एक अवतरतात. तेथे अवतरणे हा चमत्कार नाही, ते मोजणे आहे.

यादीतला राक्षस

आता त्या मुलीच्या खेळाकडे येऊ. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट घालायचे व्हिडिओ गेम आले. त्यातले बरेचसे १९८३ च्या एका जपानी यंत्राची नक्कल होते. त्या यंत्रात देखावा वेगळा आणि हलणारी पात्रे वेगळी ठेवलेली असत, अगदी कागद आणि सेलसारखी. अशा हलत्या चित्राच्या तुकड्याला 'स्प्राइट' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भूत किंवा परी!

त्या यंत्रात एका वेळी ६४ स्प्राइट ठेवता येत, पण पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त आठ. एका मोठ्या पात्राला अनेक स्प्राइट लागतात. त्यामुळे तीन-चार शत्रू एका ओळीत आले की आठाची मर्यादा संपे आणि उरलेले दिसेनासे होत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली. कोणाला गाळायचे त्याचा क्रम दर फ्रेमला बदलायचा. सेकंदाला पन्नास-साठ फ्रेम्स असल्याने कोणीच कायमचे नाहीसे होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. लहानपणी आम्हांला वाटे, कॅसेटमध्ये धूळ गेली, म्हणून आम्ही ती काढून फुंकत असू. वास्तविक ती वाटणी होती. नळाला पाणी कमी आले की चाळीत पाळ्या लावतात, तशी.

आणि राक्षस आधी कुठे होता? १९८५ चा मारिओचा सुप्रसिद्ध खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटचा होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला त्याच्या शंभरपट जागा सहज लागते. एवढ्याशा जागेत सगळे शत्रू एकाच वेळी 'जिवंत' ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून शत्रूंची फक्त यादी असे. कोणता शत्रू आणि रस्त्यावर किती अंतरावर, एवढेच आकडे. पडद्याची कड त्या अंतरापाशी पोचली की यंत्र यादीतली ओळ वाचते, त्या शत्रूला स्मृतीत जागा देते आणि मग तो चालू लागतो. त्याआधी तो लपून बसलेला नसतो आणि वाटही पाहत नसतो. तो केवळ यादीतली एक ओळ असतो, हजेरीपटावरच्या नावासारखा. नाव पुकारले की हात वर!

पुढे त्रिमितीतले खेळ आले आणि नवी अडचण आली. दूरची घरे, झाडे, माणसे काढायला यंत्राची ताकद पुरेना. ती जवळ गेल्यावर एकदम उगवत आणि सारा भास मोडे. उपाय कोणता निघाला? धूर! १९९९ च्या 'सायलेंट हिल' या भीतिदायक खेळात सगळे गाव दाट धुक्यात बुडवले आहे. धुके यंत्राची मर्यादा झाकते आणि भीतीही वाढवते. नटाच्या हलत्या हाताची चूक पोटात घालणारा धूर ऐंशी-नव्वद वर्षांनी यंत्राच्या मदतीला आला.

आमच्याकडचा प्रश्न

हाच प्रश्न भौतिकशास्त्रात फार मोलाचा ठरला आहे. १९४७ साली मँचेस्टर विद्यापीठातील रॉचेस्टर आणि बटलर यांनी विश्वकिरणांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. बाष्पाने भरलेल्या पेटीतून विद्युतभारित कण गेला की मागे थेंबांची रेघ उमटते. विद्युतभार नसलेला कण रेघ सोडत नाही. सुमारे पाच हजार छायाचित्रांपैकी दोनच वेगळी निघाली. त्यातल्या एकात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या दोन रेघा मध्येच, कशाशीही न जोडलेल्या, सुरू झाल्या होत्या.

दोन कण दत्त म्हणून उभे! 'फोटोत दोष असेल' म्हणून ते बाजूला टाकता आले असते. पण त्यांनी आमच्या पाचवीतल्या मुलीचाच प्रश्न विचारला: हे आधी कुठे होते? उत्तर असे निघाले की एक अदृश्य, विद्युतभार नसलेला कण तेथवर आला आणि फुटून त्याचे दोन दृश्य कण झाले. पदार्थविज्ञानातले एक नवे दालन त्या दोन रेघांनी उघडले.

दिव्याची दुसरी काच, थांबलेले हँडल, बाजूला घेतलेला हात, यादीतली ओळ, रेघ न सोडणारा कण. प्रत्येक वेळी 'शून्यातून आला' असे वाटले तेव्हा आपल्याला न दिसणारे काहीतरी आधीपासून तेथे होते.

वर्गात हे करून पाहता येईल. वहीच्या कोपऱ्यांवर, एकाखाली एक, वीस पानांवर रिकामा रस्ता काढायला सांगा. अकराव्या पानापासून पुढे त्यावर एक माणूस काढायचा. पाने भराभर सोडली की माणूस प्रकट होईल. दुसऱ्या वहीत तेच करा, पण दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या पानावर धूर काढा. कोणता माणूस खरा वाटतो ते मुलांना ठरवू द्या. मग विचारा, दहाव्या आणि अकराव्या पानांच्या मध्ये काय आहे? कोणीतरी म्हणेल, काही नाही. दुसरे कोणी म्हणेल, सर, मध्ये मी होतो, मी पान उलटून चित्र काढले.

ते दुसरे उत्तर मिळाले की थांबा. त्या दिवशी आम्ही थांबलो नाही. चुंबकाचा प्रयोग पुढच्या महिन्यातही झाला असता. ती मुलगी आज जिथे असेल तिथे तिने तो प्रश्न पुन्हा विचारला असेल, आणि तिच्यासमोरचे शिक्षक हातातले काम बाजूला ठेवून म्हणाले असतील, ''चल, आपण शोधू.''